वनस्पतींचा वाटसरू : फ्रँक मायर



वसंतातील व्याख्यानांना येणारा श्रोता दोन अपेक्षा मनात धरून येतो, असा आमचा अनुभव आहे. वक्त्याने एखाद्या थोर पुरुषाविषयी बोलावे ही पहिली, आणि त्या पुरुषाचे नाव आपण आधी ऐकलेले असावे ही दुसरी. आज दुसरी अपेक्षा आमच्या हातून पुरी होण्यासारखी नाही. पहिलीविषयीही थोडा वाद संभवतो. ज्या गृहस्थाविषयी बोलावयास आम्ही उभे आहोत त्याने राज्य जिंकले नाही, सिद्धान्त मांडला नाही, नाव राहावे असा मोठा ग्रंथही लिहिला नाही. त्याने बिया गोळा केल्या. तेरा वर्षांत चार वेळा तो आशिया खंडात उतरला, मुख्यतः पायी हिंडला, बिया आणि कलमाच्या काड्या पोत्यांतून व पेटाऱ्यांतून भरून समुद्रापार पाठवीत राहिला, आणि बेचाळीस वर्षांचा असताना त्याचे प्रेत चीनमधील यांगत्से नदीत सापडले. जन्माने तो डच. घरचे नाव फ्रान्स निकोलास मेयर. अमेरिकेत गेल्यावर त्याचे फ्रँक मायर झाले, आणि जगात तेच रूढ झाले म्हणून आम्हीही तेच वापरतो.

अशा माणसावर तासभर खर्च का करावा, असे कोणी विचारील. त्याने एकादशीच्या ताटाकडे जरा निरखून पाहावे. बटाट्याची भाजी, साबुदाण्याची खिचडी, तीत शेंगदाण्याचे कूट आणि हिरवी मिरची, बाजूला रताळ्याचा कीस. सगळे फराळाचे, सगळे सोवळ्यातले. आणि यांतले एकही कोलंबसाच्या आधी या भूमीत उगवत नव्हते. बटाटा, भुईमूग, मिरची, रताळे, आणि ज्याच्या कंदापासून आपला साबुदाणा होतो ते टॅपिओका, ही सारी मंडळी मूळची अमेरिका खंडातली. आपल्याकडे ती आली मुख्यतः पोर्तुगीजांच्या हातून. पण मिरचीचे पहिले बी गोव्याच्या धक्क्यावर कोणी उतरवले? त्या खलाशाचे वा पाद्र्याचे नाव काय? इतिहासाने त्याच्या मालकाचे नाव ठेवले, जहाजाचे ठेवले, त्याचे ठेवले नाही. मायरची गोष्ट यासाठी वेगळी. येथे बी नेणारा माणूस आपल्याला नावानिशी माहीत आहे. त्याने पाठवलेल्या प्रत्येक पुडीला वॉशिंग्टनच्या कचेरीत क्रमांक पडला, गाव लिहिले गेले, तारीख लिहिली गेली. तेव्हा बी एका भूमीतून दुसऱ्या भूमीत नेणे म्हणजे काय, त्याला काय किंमत पडते आणि पुढे त्याचे काय काय होते, हे एकाच माणसाच्या आयुष्यात आरशात पाहावे तसे पाहता येते.

मायरचा जन्म ॲम्स्टरडॅम येथे २९ नोव्हेंबर १८७५ रोजी एका साध्या कुटुंबात झाला. शाळा फार झाली नाही. चौदाव्या वर्षी तो तेथील वनस्पती-उद्यानात माळ्याच्या हाताखाली लागला. आळी करावी, कुंड्या उचलाव्यात, पाणी घालावे, अशी ती नोकरी. परंतु त्या उद्यानाचे प्रमुख होते ह्यूगो द व्रीस. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम पस्तीस वर्षे धूळ खात पडले होते; ते १९०० साली ज्या तिघांनी पुन्हा उजेडात आणले त्यांतले हे एक. त्यांची नजर या पोरावर गेली. त्यांनी त्याला शिकवले, परक्या भाषा शिकावयास लावले, आणि पुढे आपल्या प्रयोगाच्या बागेची देखरेख त्याच्यावर सोपवली. गरिबाघरच्या मुलाला असा गुरू भेटावा आणि तेथेच त्याने जन्म काढावा, अशी आपल्याकडच्या चरित्रांची रीत आहे. मायरने मात्र ती पाळली नाही. त्याच्या पायांना स्वस्थता नव्हती. सुट्टी मिळाली की तो चालत सुटे. संत्र्यांच्या बागा पाहावयाच्या म्हणून हा मनुष्य आल्प्स पर्वत पायी ओलांडून इटलीत उतरला, आणि वाटेत हिमवादळात सापडून प्राणास मुकता मुकता वाचला. आगगाडी नव्हती असे नाही. चालत गेले म्हणजे झाड दिसते, गाडीतून ते पळते, हा त्याचा साधा हिशेब.

१९०१ साली तो अमेरिकेत गेला. तेथेही चार ठिकाणी नोकरी केली, मेक्सिकोतून पायी भटकून आला, सेंट लुईसच्या उद्यानात काही काळ राहिला. कोठे टिकेना. अशा माणसाला आपण फिरस्ता म्हणतो आणि त्याच्या म्हाताऱ्या आईची कीव करतो. परंतु त्याच वेळी वॉशिंग्टनमध्ये डेव्हिड फेअरचाइल्ड नावाचे एक गृहस्थ नेमका असाच मनुष्य शोधीत होते.

फेअरचाइल्ड यांनी १८९८ साली अमेरिकेच्या शेतकी खात्यात परदेशी बी-बियाणे आणण्याची एक शाखा उघडली होती. त्यांचे म्हणणे असे. अमेरिकेचा पश्चिमेकडील मुलूख कोरडा, उन्हाळा भाजून काढणारा, हिवाळा हाडे गोठवणारा. युरोपातून आणलेली झाडे तेथे टिकत नाहीत. मग अशीच हवा जगात आणखी कोठे आहे? उत्तर चीनमध्ये. आणि तेथे तर शेतकरी हजारो वर्षे शेती करीत आहे. ज्या झाडाने तेथली थंडी सोसली ते येथलीही सोसेल. विचार सरळ होता; अडचण माणसाची होती. चीनच्या अंतर्भागात रस्ते नव्हते, खानावळी उवा-पिसवांनी भरलेल्या, चोरांचे भय, आणि परकीयांविषयी लोकांच्या मनात राग, तोही अगदी निष्कारण नव्हे. तेथे वर्षानुवर्षे हिंडणारा, झाडाची पारख असणारा, आणि घराची ओढ नसणारा कोण मिळणार? १९०५ साली मायरला बोलावणे आले, आणि त्याच वर्षी तो चीनला निघाला.

आता येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण तिच्याविषयी सर्वत्र गैरसमज आहे. वनस्पतिसंशोधक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे अरण्य येते आणि कड्यावर लोंबकळत दुर्मिळ फूल खुडणारा साहेब येतो. तसेही लोक होते. अर्नेस्ट विल्सन हा इंग्रज त्याच काळात चीनच्या डोंगरांतून फुलझाडे काढून युरोप-अमेरिकेच्या बागा सजवीत होता, आणि त्याची कीर्ती मोठी झाली. मायरचे काम निराळे. तो मुख्यतः शेतात, परसात, बाजारात आणि मठांच्या आवारात हिंडे. भाजीवालीच्या टोपलीत वाकून पाही. कोणत्या गावची बोरे गोड, कोणाच्या मळ्यातील पीच मोठे, कोणता पालक थंडीत जळत नाही, हे विचारीत फिरे. म्हणजे त्याला जे 'सापडले' ते कोण्या चिनी शेतकऱ्याच्या आजोबा-पणजोबांनी आधीच शोधलेले, निवडलेले, जोपासलेले होते. दप्तरात नाव मायरचे लागले. त्या शेतकऱ्यांची नावे मिरची आणणाऱ्या खलाशाच्या नावाच्या वाटेने गेली. स्वतः मायर मात्र हे विसरला नव्हता. चिनी माळ्यांच्या कसबाविषयी त्याने जे लिहिले आहे त्यात एका माळ्याने दुसऱ्याला दिलेला मान दिसतो.

हे काम दिसते तितके सोपे नव्हे. समजा, एका खेड्यात उत्तम फळ दिसले. बी नेऊन उपयोग नाही, कारण बियांपासून आईसारखे फळ येईलच असे नाही. हे आपल्या आंब्याच्या बागाइतदाराला सांगावयास नको. काडी न्यावी लागते, आणि काडी घ्यावयाची ती झाड निजलेले असताना, म्हणजे ऐन हिवाळ्यात. फळ दिसते शरद ऋतूत. तेव्हा खुणेने झाड लक्षात ठेवून बर्फातून पुन्हा त्याच खेड्यात यावयाचे, मालकाची समजूत घालावयाची, काड्या कापावयाच्या, ओल्या शेवाळात गुंडाळावयाच्या, आणि बंदरापर्यंत न्यावयाच्या. पुढे समुद्रावर आठवडेच्या आठवडे. निम्म्या काड्या वाटेत सुकत वा कुजत. ज्या पोहोचत त्यांच्यावर तेथले माळी डोळे भरीत, आणि ते झाड फळास येईपर्यंत मायर पुन्हा चीनच्या वाटेवर असे. आपण पाठवलेल्या झाडांपैकी फारच थोडी झाडे त्याने फळाला आलेली पाहिली.

पहिली सफर १९०५ ते १९०८. उत्तर चीन, मांचुरिया, कोरियाचा उत्तर भाग, सैबेरियाची कड. अंगात मेंढीच्या कातड्याचा कोट, पायांत जाड बूट, हातात काठी, मागे सामानाची गाडी किंवा खेचरे. दिवसाकाठी वीस-वीस मैल. त्याच्या पोत्यांतून काय काय गेले? पर्सिमनच्या अनेक जाती गेल्या. हे फळ आपल्या टेंभुर्णीच्या कुळातले, पण तांबडेभडक आणि मुठीएवढे. त्यांतल्या एका चपट्या जातीला चिनी लोक जात्याच्या तळीची उपमा देतात. चिनी पिस्त्याचे झाड गेले. ते आज अमेरिकेच्या अनेक शहरांत रस्त्यांच्या कडेला लावतात. त्यानेच पुढच्या एका सफरीत पाठवलेले शान्सी प्रांतातील 'ली' नावाचे मोठे बोर अजूनही तेथल्या बागांतून आहे. मांचुरियातून पालकाचे बी गेले. व्हर्जिनिया राज्यात पालकावर एक रोग पडून मळेच्या मळे पिवळे पडू लागले तेव्हा तेथल्या शास्त्रज्ञांनी या मांचुरियन पालकाशी संकर करून रोगाला दाद न देणारी जात काढली आणि तो धंदा वाचवला. आपल्या वावळाच्या कुळातला एक कणखर एल्म वृक्ष गेला. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या मैदानांवर धुळीची वादळे उठली तेव्हा वारा अडवण्यासाठी तो मैलोगणती लावण्यात आला.

आणि सोयाबीन गेले. चाळीसच्या आसपास वाण एकट्या मायरने पाठवले. त्या काळी अमेरिकेत सोयाबीन म्हणजे जनावरांची वैरण. आज ते पीक तेथे दहा कोटी टनांच्या घरात निघते. हे सारे मायरचे देणे आहे असे म्हणणारे लेखक आहेत. आम्हाला ते मान्य नाही. त्याच्यानंतर डॉर्सेट आणि मॉर्स या दोघांनी १९२९ ते १९३१ या काळात चार हजारांवर नमुने पूर्व आशियातून नेले, आणि त्यांवर शेकडो लोकांनी जन्म घालवला. १९६० नंतर अमेरिकन वाणांच्या आधारे सोयाबीनने मध्य भारतात बस्तान बसवले आणि आज आमच्या लातूर-अकोल्याचा शेतकरी त्याच्या भावाकडे डोळे लावून बसतो. त्या बियाण्याशी मायरचा थेट संबंध जोडण्याचे धाडसही आम्ही करणार नाही. इतके खरे, की हे चाड्यावर मूठ धरल्यासारखे काम होते आणि पहिल्या काही मुठींपैकी एक त्याची होती.

त्या पहिल्या सफरीच्या शेवटी, १९०८ साली, पेकिंगजवळ फेंगताई या गावी त्याने एक कुंडीतले लिंबाचे झाड पाहिले. खुजे, चमकदार पानांचे, फळांनी लगडलेले. केवळ शोभेसाठी लोक ते दारात ठेवीत. मायरने त्याच्या काड्या घेतल्या. दप्तरात त्याला क्रमांक पडला २३०२८. हे लिंबू म्हणजे महाळुंग, पपनस आणि संत्रे यांच्या रक्ताचा मेळ आहे, असे अलीकडच्या तपासणीत दिसून आले आहे. साल पातळ, रस गोडसर. आज इंग्रजी जगात मायरचे नाव ज्या एकाच गोष्टीमुळे कोणाला माहीत असते ती हीच : 'मायर लेमन'. पाकक्रियेच्या पुस्तकांत ते येते, दुकानांत मिळते. तेरा वर्षांच्या पायपिटीत अडीच हजारांच्या आसपास वनस्पती पाठवणाऱ्या या माणसाच्या स्मरणासाठी जगाने निवडले काय, तर जाता जाता उचललेले एक कुंडीतले झाड! असो. जग कशाने कोणाला लक्षात ठेवील याचा नेम नाही.

त्याच सफरीतील आणखी एक हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. बोस्टनजवळच्या अर्नोल्ड वृक्षोद्यानाच्या सार्जंट नावाच्या संचालकांनी मायरला शान्सी प्रांतातील वूताई पर्वतावर पाठवले. तो बौद्धांचा पवित्र पर्वत. तेथे जुने अरण्य असेल, दुर्मिळ वृक्ष मिळतील, ही अपेक्षा. मायर हिवाळ्यात तेथे पोहोचला आणि पाहतो तो डोंगर उघडेबोडके. देवळांच्या आवारापुरती झाडे उरलेली. बाकी सारे तोडून झालेले, माती वाहून गेलेली, नद्यांच्या पात्रांत दगडांचे खच. सार्जंट महाशयांना हवे ते वृक्ष मिळाले नाहीत व ते नाराज झाले. परंतु मायरने तेथे छायाचित्रे घेतली होती. तो परत आल्यावर अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्याला भेटीस बोलावले, ती चित्रे पाहिली, आणि डिसेंबर १९०८ मध्ये काँग्रेसला दिलेल्या संदेशात जंगलतोडीने देशाची काय दशा होते हे सांगताना चीनच्या या डोंगरांचे उदाहरण पुढे केले. झाडे आणावयास गेलेल्या माणसाने झाडे नसल्याची साक्ष आणली, आणि कदाचित तीच अधिक मोलाची ठरली.

दुसरी सफर १९०९ ते १९१२ : कॉकेशस, तुर्कस्तान, काशगर, सैबेरिया. येथून लसूणघासाचे काटक वाण गेले. या प्रवासाचे वर्णन आम्ही सोडून देतो. थंडी, वाळवंट आणि पारपत्रांचे घोळ यांची ती यादी होईल.

तिसऱ्या सफरीत मात्र थांबले पाहिजे. न्यूयॉर्क शहरात १९०४ साली चेस्टनटच्या झाडांवर एक बुरशी दिसली. साल तडकावी, तीतून नारिंगी ठिपके बाहेर यावेत, आणि वरचा सारा वृक्ष वाळून जावा. अमेरिकेच्या पूर्वेकडील अरण्यांत चेस्टनटचे राज्य होते. लाकूड त्याचे, डुकरांचा चारा त्याचा, नाताळच्या सुमारास गोरगरिबांच्या हातात चार पैसे पडत ते त्याच्या फळांचे. हा रोग वणव्यासारखा पसरला. हा आपल्याच जमिनीतला रोग आहे की बाहेरून आला, याविषयी शास्त्रज्ञांत कडाक्याचे वाद माजले. फेअरचाइल्ड यांनी मायरला कळवले की चीनमध्ये चेस्टनट आहेच, तेथे असे काही दिसते का पाहा. १९१३ साली पेकिंगच्या ईशान्येस डोंगराळ भागात तो गेला, झाडामागून झाड तपासत हिंडला, आणि रोगट सालीचा तुकडा कापून त्याने वॉशिंग्टनला पाठवला. तेथे बुरशी वाढवून पाहिली. तीच निघाली. रोग आशियातला ठरला. पण त्याहून महत्त्वाचे निरीक्षण मायरचे स्वतःचे होते. त्या चिनी झाडांवर व्रण होते, जुने भरलेले व्रणही होते, आणि तरी झाडे उभी होती. रोगाशी शतकानुशतके झुंजून त्यांनी तडजोड केली होती. त्याने या झाडांच्या बिया धाडल्या, आणि पुढील संकरांच्या प्रयत्नांना चिनी चेस्टनटचाच आधार मिळाला.

अमेरिकेचे वृक्ष मात्र वाचले नाहीत. पुढील तीस-चाळीस वर्षांत तीन-चारशे कोटी झाडे गेली असा अंदाज आहे. आणि ही बुरशी अमेरिकेत आली कशी? एकोणिसाव्या शतकात हौसेने आणवलेल्या आशियाई चेस्टनटच्या रोपांबरोबर. म्हणजे ज्या प्रकारच्या कामाला मायरने आयुष्य वाहिले होते त्याच प्रकारच्या कामातून. १९१२ साली अमेरिकेने परदेशी रोपांच्या तपासणीचा कायदा केला. फेअरचाइल्ड त्याच्या विरुद्ध होते, आणि त्यांचा लहानपणचा मित्र मार्लट हा त्याचा पुरस्कर्ता होता. दोघांचेही म्हणणे ऐकले की दोघांचेही पटते, अशी ती अवघड जागा आहे. आमचे मत विचाराल तर मार्लट बरोबर होता.

याच सफरीत मायरच्या स्वभावाची काळी बाजूही दिसते, ती झाकणे बरे नव्हे. कान्सू प्रांतात तिबेटच्या सीमेकडे जाताना त्याचा दुभाषा आणि हमाल पुढे येईनात. पुढचा मुलूख धोक्याचा होता, त्यांना जिवाची भीती होती, आणि ती काही खोटी नव्हती. प्रकरण हातघाईवर आले. तरी मायरने वाट सोडली नाही. स्वतःच्या जिवाविषयी बेफिकीर असलेला माणूस दुसऱ्याच्या जिवाविषयीही कसा बेफिकीर होतो, याचे हे उदाहरण आहे.

चौथी सफर १९१६ साली सुरू झाली. युरोपात महायुद्ध पेटलेले. या वेळी काम होते एका रानटी नाशपातीचे. ऑरेगॉन राज्यातील नाशपातीच्या बागांवर एक जंतुजन्य रोग पडला होता. फांद्या आगीने होरपळल्यासारख्या काळ्या पडत. तेथील रीमर नावाच्या शास्त्रज्ञाला असे आढळले होते की चीनमधल्या 'कॅलरी' जातीची नाशपाती या रोगाला पुरून उरते. फळ खाण्यालायक नाही, गोटीएवढे. पण त्याच्या रोपाचा खुंट करून वर चांगली जात बांधता येईल. त्यासाठी बी हवे होते, आणि तेही थोडेथोडके नव्हे, शंभर पौंड! एवढ्याशा फळातून निघणाऱ्या तिळाएवढ्या बियांचे शंभर पौंड म्हणजे किती फळे वेचावी लागतील याचा हिशेब श्रोत्यांनीच करावा. मायर हूपे प्रांतात गेला. तेथे त्याने हे झाड दलदलीत उगवलेले पाहिले, खडकाच्या फटीत पाहिले, कोरड्या उतारावर पाहिले. कोठेही टाका, हे जगते. तो थक्क झाला. हे वाक्य कृपया ध्यानात ठेवावे. शेवटी त्याची गरज लागणार आहे.

बी गोळा होऊ लागले, पण माणूस खचत चालला होता. चाळिशी उलटली होती, प्रकृतीने दगा दिला होता, झोप येत नसे. युरोपातील संहाराच्या बातम्यांनी त्याचे मन काळवंडले. त्याची या काळातील पत्रे वाचताना आम्हाला वारंवार असे वाटले की याला कोणी तरी परत बोलवावयास हवे होते. वॉशिंग्टनचे लोक दुष्ट नव्हते. प्रेमळ पत्रे येत. पण प्रत्येक पत्रात आणखी एखादे बी मागितलेले असे. १९१७-१८ च्या हिवाळ्यात चीनमध्ये यादवी पेटली आणि यांगत्सेकाठच्या ईचांग शहरात तो महिनोन्महिने अडकून पडला. वाटा बंद. ज्याचे औषध चालणे होते त्याला चालता येईना.

१९१८ च्या मे महिन्यात तो कसाबसा हँको येथे पोहोचला आणि ३१ मे रोजी शांघायला जाण्यासाठी 'फेंग यांग मारू' या जपानी आगबोटीत बसला. बरोबर एक चिनी नोकर होता. १ जूनच्या रात्री अकराच्या पुढे मायर आपल्या खोलीतून बाहेर पडला. नंतर तो कोणाला दिसला नाही. अमेरिकन वकिलातीचा अधिकारी नदीकाठची गावे धुंडाळत निघाला. ५ जूनला वूहू गावाच्या वरच्या अंगास एका नावाड्याला प्रेत सापडले होते. ते मायरचे ठरले. पाय घसरला, की कोणी लोटले, की त्याने स्वतःच उडी घेतली, याचा निर्णय चौकशीत लागला नाही. शांघायमध्ये त्याला पुरले.

त्याच्या मृत्युपत्रात कचेरीतील सहकाऱ्यांसाठी एक हजार डॉलर ठेवलेले निघाले. ज्याला घर नव्हते त्याने आपल्या पोत्यांच्या पावत्या लिहिणाऱ्या कारकुनांना घरचे मानले होते. त्या मंडळींनी पैसे वाटून घेतले नाहीत. त्यातून वनस्पती आणणाऱ्यांसाठी मायर पदक सुरू केले. पहिले पदक १९२० साली मिळाले ते बार्बर लॅथ्रॉप या धनिक गृहस्थांना, ज्यांनी फेअरचाइल्डना आपल्या खर्चाने जगभर हिंडवले होते. पायी चालणाऱ्याच्या नावाचे पदक प्रथम मिळाले ते बोटीच्या वरच्या वर्गाने प्रवास करणाऱ्याला. लॅथ्रॉप यांची योग्यता आम्ही नाकारीत नाही; पण हसू यावयाचे ते येतेच.

आता पोत्यांचे पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे. त्या लिंबात एक विषाणू लपलेला निघाला. ते झाड स्वतः हसतेखेळते राहावयाचे आणि शेजारच्या संत्र्यांना मारावयाचे. कॅलिफोर्नियात ही झाडे उपटून टाकण्यात आली. पुढे विषाणू नसलेले एक झाड शोधून त्यापासून नवी पैदास केली गेली, आणि १९७५ साली ती लोकांना दिली. आज बाजारात आहे ते हे सुधारलेले लिंबू.

नाशपातीची कथा अधिक लांबली. खुंट म्हणून ती उपयोगी ठरलीच. पण मायरच्या मृत्यूनंतर १९१९ साली नानकिंगहून आलेल्या त्याच जातीच्या बियांतून मेरीलँड राज्यातील सरकारी रोपवाटिकेत एक बिनकाट्याचे, डौलदार झाड निघाले. वसंतात ते पांढऱ्या फुलांनी झाकून जाई. शेतकी खात्याने १९६३ साली त्याला 'ब्रॅडफर्ड' असे नाव देऊन ते शोभेचे झाड म्हणून लोकांपुढे आणले. नवीन वसाहतींतील घरांपुढे, दुकानांपुढे लोकांनी ते लक्षावधी लावले. एकट्या जातीला फळ धरत नसे, म्हणून कोणाला चिंता नव्हती. मग रोपवाटिकावाल्यांनी आणखी दोन-चार जाती काढल्या, कोठे खालच्या खुंटाला फुटवे आले, परागांची देवघेव झाली, फळे धरली, पक्ष्यांनी ती खाल्ली, आणि रानोमाळ काटेरी झुडपांची दाटी माजली. दलदल असो, खडक असो, कोरडा उतार असो. फुलांना सडक्या मासळीचा वास येतो तो वेगळाच.

ओहायो राज्याने २०२३ साली आणि पेनसिल्व्हेनिया व साउथ कॅरोलायना या राज्यांनी २०२४ साली या झाडाच्या विक्रीला बंदी केली. काही ठिकाणी आता अशी योजना आहे की घरमालकाने आपल्या दारातील नाशपाती तोडावी, तोडल्याचे छायाचित्र घेऊन यावे, आणि त्याच्या बदल्यात देशी झाडाचे एक रोप फुकट न्यावे. वसंत ऋतूत सकाळी लोक रांगेत उभे राहतात, आणि ओल्या मातीत मुळे गुंडाळलेले रोप हातात घेऊन घरी जातात.